शेक, जुलाब आणि जिवाणूंची पुडी

ओटीपोटाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन, म्हणजे पेशंटच्या तोंडी ‘शेक’, सुरू झाला की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पोट बिघडायला लागते. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये हा शेक आठवड्यातले पाच दिवस, असा साधारण पाच आठवडे चालतो. रोज गावाहून एसटीने येणाऱ्या बाईला दिवसातून सहा-सात वेळा संडासला जावे लागत असेल तर ती काय करते? सकाळपासून उपाशी राहते. डॉक्टरांनी विचारले तर ‘बरं आहे’ म्हणते. वजन उतरत जाते, अंगातले पाणी कमी होते आणि कधी कधी उपचार मध्येच थांबवावे लागतात. या कॅन्सरमध्ये रेडिएशन रेंगाळले की रोग आटोक्यात येण्याची शक्यता घटते. म्हणूनच हे जुलाब किरकोळ त्रास म्हणून सोडून देणे मला पटत नाही.

आतड्याच्या अस्तरातल्या बहुतेक पेशी तीन ते पाच दिवसांत झडतात आणि तळाशी असलेल्या मूळ पेशी त्यांच्या जागी नव्या घडवतात. किरण आणि किमोची औषधे झपाट्याने विभागणाऱ्या पेशींना गाठतात, त्यात कॅन्सरबरोबर हे अस्तरही सापडते. नव्या पेशींचा पुरवठा आटला की अस्तर विरळ होते. पाणी आणि पित्तातले क्षार नीट शोषले जात नाहीत, ते मोठ्या आतड्यात उतरतात आणि जुलाब लागतात. तिथे वस्तीला असलेल्या जिवाणूंची घडीही विस्कटते.

मग उपयोगी जिवाणू, म्हणजे प्रोबायोटिक, बाहेरून दिले तर? थायलंडमधल्या चियांग माईच्या डॉक्टरांनी 2010 साली प्रसिद्ध केलेला अभ्यास मला इथे मोलाचा वाटतो, कारण भारतातही बायकांमध्ये मोठ्या प्रमाणावर आढळणाऱ्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरच तो झाला. रेडिएशन आणि दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे किमोचे औषध घेणाऱ्या 63 जणी त्यात होत्या. साधारण निम्म्या जणींना लॅक्टोबॅसिलस ॲसिडोफिलस आणि बायफिडोबॅक्टेरियम बायफिडम हे जिवंत जिवाणू दिले, बाकीच्यांना नुसतेच बिनजिवाणूंचे औषध. मध्यम ते तीव्र जुलाब दुसऱ्या गटात 45 टक्के जणींना झाले, जिवाणू घेणाऱ्या गटात 9 टक्के. जुलाब थांबवणाऱ्या गोळ्याही कमी लागल्या. यातली एक गोष्ट सहज नजरेआड होते: औषध शेक सुरू होण्याच्या सात दिवस आधी सुरू केले होते. अमेरिकेत सेंट लुइस इथे उंदरांवर झालेल्या प्रयोगातही लॅक्टोबॅसिलस जीजी हा जिवाणू किरणांच्या आधी दिल्यावर आतड्यातल्या जास्त पेशी तगल्या. पोट बिघडल्यावर मेडिकलच्या दुकानातून पुडी आणणे आणि हे, यांत फार फरक आहे.

किमोमध्येही असा अनुभव आहे. फिनलंडमध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या 150 रुग्णांवर 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हाच जीजी जिवाणू दिला होता. फ्लुरोयुरॅसिल या औषधामुळे होणारे तीव्र जुलाब 37 टक्क्यांवरून 22 टक्क्यांवर आले.

पण जिवाणू सगळेच सोबती नसतात. इरिनोटेकॅन हे औषध घ्या. त्याचा जहाल अंश यकृत एक साखर चिकटवून निष्प्रभ करते आणि पित्तातून आतड्यात सोडते. आतड्यातले काही जिवाणू ती साखर पोटासाठी तोडून खातात. जहाल अंश पुन्हा मोकळा होतो, अस्तर पोळते आणि अतिशय तीव्र जुलाब लागतात. अमेरिकी शास्त्रज्ञांनी 2010 मध्ये जिवाणूंचे हे साखर तोडणारे विकर रोखून दाखवले, तेव्हा उंदरांचे जुलाब कमी झाले. तेव्हा ‘चांगले जिवाणू’ असे मोघम म्हणून भागत नाही. कोणता जिवाणू, कोणत्या औषधाबरोबर, हे पाहावेच लागते.

पुराव्याची ताकदही मोजून सांगायला हवी. 2018 मध्ये कॉक्रेन या संस्थेने 12 अभ्यास, 1,554 रुग्ण एकत्र तपासले. रेडिएशनच्या जुलाबांवर उपयोग होऊ शकतो, पण पुरावा अजून कच्चा आहे, असा त्यांचा निष्कर्ष. त्याच्याशेजारी मुंबईच्या टाटा मेमोरियलचा अभ्यास ठेवून पाहा. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेनंतर 300 बायकांना रेडिएशन दिले. रोज प्रतिमा पाहून अचूक नेम धरणाऱ्या पद्धतीमुळे तीन वर्षांनंतरचा आतड्याचा त्रास 42 टक्क्यांवरून 21 टक्क्यांवर आला. आतडे वाचवण्याचे पहिले काम मशीनच्या नेमाचे आहे, पुडी त्यानंतर येते.

आणि धोकाही आहे. किमोने पांढऱ्या पेशींचा काउंट खाली आला असेल किंवा छातीत सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या रक्तवाहिनीत घातलेली नळी, असेल, तर हेच जिवंत जिवाणू किंवा यीस्ट क्वचित रक्तात शिरून गंभीर संसर्ग करतात. इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारे उपचार, घेणाऱ्यांनी तर जास्तच जपावे. 2021 मध्ये मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरच्या रुग्णांवर प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात, आहारात पुरेसे तंतू खाणाऱ्या आणि प्रोबायोटिक न घेणाऱ्या रुग्णांना उपचारांचा सर्वाधिक लाभ झालेला दिसला. घरचे दही, ताक हा आपला रोजचा आहार आहे, पण विरजणात कोणते जिवाणू किती आहेत, हे ठरलेले नसते. वाटीभर दही म्हणजे चियांग माईचे औषध नव्हे, आणि काउंट उतरलेला असताना तेही विचारूनच खावे.

तुमच्या घरात कोणाचा शेक किंवा किमो सुरू होणार असेल तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारा: पोटाचा त्रास कितपत होईल, प्रोबायोटिक द्यायचे का, कोणते आणि कधीपासून. कोणी आणून दिलेली पुडी घरात असेल तर ती तशीच ओपीडीत दाखवायला न्या. आणि दिवसातून किती वेळा संडासला झाली, हा आकडा लाज न धरता रोज लिहून ठेवा, डॉक्टरांना सांगा. त्यावरच ओआरएस, औषध, डोस सारे ठरते.