न भरलेल्या जागेचे वाटप

एका सर्व्हरवर अनेक आभासी संगणक, म्हणजे स्वतंत्र ऑपरेटिंग सिस्टीम असलेले पण सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक, चालवताना प्रोसेसरचा वेळ क्षणाक्षणाला आळीपाळीने वाटता येतो. डिस्कचे तसे नाही, कारण तेथे लिहिलेली माहिती पुसली जाईपर्यंत जागा अडवूनच राहते. डिस्कची ठरावीक पार्टिशने पाडून एकेक भाग एकेका संगणकाला दिला, तर एकाची जागा पुरत नाही आणि शेजारच्याची रिकामी पडून राहते.

लॉजिकल व्हॉल्यूम हा त्यावरचा उपाय आहे. अनेक डिस्क एकत्र करून एक समूह केला जातो, त्याचे सारख्या आकाराचे तुकडे पाडले जातात आणि कोणता तुकडा कोणत्या व्हॉल्यूमचा याची नोंद तेवढी ठेवली जाते. लिनक्सवरील एलव्हीएममध्ये, म्हणजे लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजरमध्ये, हा तुकडा सर्वसाधारणपणे ४ मेगाबाइटचा असतो. म्हणजे २०० गिगाबाइटचा व्हॉल्यूम ५१,२०० तुकड्यांचा होतो आणि ते तुकडे सलग असण्याची गरज नसते. नोंदीत भर घालून चालू संगणकाचीही डिस्क वाढवता येते. कमी करताना मात्र आधी आतली फाइल सिस्टीम आणि मगच व्हॉल्यूम लहान करावा लागतो; हा क्रम उलटला तर माहिती गेलीच म्हणून समजावे.

हाइन्झ माउएल्सहागेन यांनी १९९८ मध्ये लिनक्ससाठी लिहिलेल्या एलव्हीएमवर एचपी-यूएक्स या ऑपरेटिंग सिस्टीममधील रचनेचा प्रभाव होता. महाराष्ट्राचाही या विषयाशी जवळचा संबंध आहे: व्हेरिटास या सॉफ्टवेअर कंपनीच्या पुण्यातील केंद्रात व्हॉल्यूम मॅनेजरवर दीर्घकाळ काम झाले, आणि पुण्याच्याच केक्यू इन्फोटेकने २०१० मध्ये झेडएफएस ही फाइल सिस्टीम व व्हॉल्यूम व्यवस्थापन एकत्र सांभाळणारी प्रणाली लिनक्सवर आणण्यात मोलाची भर घातली. आज व्यवस्थापकाला व्हॉल्यूम तयार करण्याचे आदेश थेट द्यावे लागतातच असे नाही. लिबव्हर्टसारखी साधने समूहाला 'पूल' मानतात आणि त्यातून व्हॉल्यूम तयार करून आभासी संगणकाला जोडून देतात.

खरी गंमत 'थिन' वाटपात आहे. येथे व्हॉल्यूमचा आकार कागदोपत्री ठरतो, पण प्रत्यक्ष जागा लिहिण्याच्या वेळीच दिली जाते. त्यामुळे समूहातून अशा वाटपासाठी वेगळ्या काढलेल्या १,००० गिगाबाइटच्या थिन पूलमधून दहा संगणकांना प्रत्येकी २०० गिगाबाइट देऊ करता येतात. नळाच्या पाण्याचे उदाहरण घ्या: जेथे पाणी तासभरच येते तेथे घरोघरी गरजेपेक्षा जास्त भरून ठेवतात आणि नवे पाणी आले की उरलेले ओतून देतात. कराडला लागून असलेल्या मलकापुराने कोयनेचे पाणी मीटर लावून, वापराबरोबर चढत जाणाऱ्या दराने चोवीस तास दिले, तेव्हा असा साठा करण्याचे कारणच उरले नाही. थिन वाटपामागचा हिशेब हाच आहे. मात्र नदीला पाणी येत राहते. समूहातली जागा कोणी डिस्क जोडल्याशिवाय वाढत नाही, आणि आभासी संगणकाला आपल्या दाराशी मीटर दिसत नाही.

म्हणून पहारा ठेवावा लागतो. पूल ठरावीक पातळीला पोचला की आपोआप वाढवण्याची सोय एलव्हीएममध्ये आहे, पण मूळ मांडणीत तिची मर्यादा १०० टक्के, म्हणजे सोय बंदच असते. ती ८० वर आणणे आणि समूहात मोकळे तुकडे राखणे हे व्यवस्थापकाचे काम. पूल पूर्ण भरला तर नवे लेखन सामान्यतः ६० सेकंद थांबवून धरले जाते आणि नंतर त्रुटी कळवली जाते. शिवाय आभासी संगणकाने फाइल पुसली तरी खालच्या पूलला त्याचा पत्ता नसतो. मोकळी झालेली जागा परत करण्यासाठी 'डिसकार्ड' सूचना खालपर्यंत पोचावी लागते. अनेक लिनक्स वितरणांत एफएसट्रिम हा आदेश आठवड्यातून एकदा ती सूचना पाठवतो, परंतु आभासी डिस्कच्या मांडणीत तिला परवानगी दिलेली नसेल, तर सूचना मधल्या थरातच अडते आणि रिकामी झालेली जागा पूलच्या लेखी वापरातलीच राहते.