जेन ऑस्टिनच्या पत्रांचे पैसे बहिणीला का भरावे लागायचे?

पत्र एकानं लिहायचं आणि टपालाचे पैसे दुसऱ्यानं भरायचे. 1840 पर्यंत इंग्लंडमध्ये हाच रिवाज होता. दर ठरायचा अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर. 1812 मध्ये 80 ते 120 मैलांसाठी एका कागदाला 9 पेनी, दोन कागद असले की दुप्पट. लिफाफाही वेगळा कागद धरला जायचा. म्हणून पत्रच दुमडून त्यावर पत्ता लिहायचा आणि ते चिकटवून टाकायचं. जागा संपली की काही जण कागद आडवा धरून आधीच्या ओळींवरच लिहीत. वाचणाऱ्याचे हाल विचारू नका! खासदारांना मात्र टपाल फुकट होतं, त्यामुळे त्यांच्या सहीला नातेवाईकांत मोठी मागणी असायची.

आता समोरचा पैसे मोजणार म्हटल्यावर पत्रात ऐवज हवाच. 'प्राइड अँड प्रेजुडिस' लिहिणारी जेन ऑस्टिन थोरल्या बहिणीला, कॅसँड्राला, अशीच ठासून भरलेली पत्रं पाठवायची. नाचाच्या कार्यक्रमात कोण कुणाबरोबर होतं, टोपीला काय लावलं, कुणाचं लग्न ठरलं, कुणाला दिवस गेलेत. जानेवारी 1796 च्या पत्रात वीस वर्षांची जेन टॉम लेफ्रॉयबरोबर नाचल्याचं मिश्कीलपणे सांगते. डिसेंबर 1798 मध्ये नौदलातला भाऊ फ्रँक याच्या बढतीची बातमी कळवते. तेव्हा फ्रान्सशी युद्ध चालू होतं, म्हणजे ही बातमी नुसत्या कौतुकाची नव्हती.

बरं, अशी पत्रं घरात मोठ्यानं वाचूनही दाखवली जायची. म्हणजे अगदी मनातलं लिहिताना जपूनच लिहावं लागणार.

तरीही काही लिहिलं गेलं असावं. कारण कॅसँड्रानं म्हातारपणी यातली बरीचशी पत्रं जाळून टाकली, उरलेल्या काहींतले तुकडे कापून काढले. आज जेनची जेमतेम 160 पत्रं शिल्लक आहेत. मे 1801 नंतरचं पुढचं पत्र थेट सप्टेंबर 1804 चं.

नेमक्या याच काळात, डिसेंबर 1802 मध्ये, हॅरिस बिग-विदर या श्रीमंत घरच्या तरुणानं जेनला लग्नाची मागणी घातली होती. तिनं संध्याकाळी होकार दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो मागे घेतला. ही हकिकत आज माहीत आहे ती तिच्या भाच्यांनी जपलेल्या आठवणींमुळे. जेनच्या हातची त्यावरची एक ओळही उरलेली नाही.