विमेवाले नक्की घाबरतात कोणाला?

आग, चोरी, अपघात, पूर ही नुसती संकटं. विमेवाल्यांना त्यांचं फारसं काही वाटत नाही, धंदाच त्यांच्यावर चालतो. त्यांची नजर असते ती संकटाला आवतण देणाऱ्या गोष्टींवर. त्यांच्या भाषेत हॅझार्ड.

फिजिकल हॅझार्ड सगळ्यात सरळ, डोळ्यांना दिसणारा. जुनाट वायरिंग, गुळगुळीत टायर, रॉकेलच्या पिंपाशेजारी रचलेले कापडाचे तागे. १६६६ साली लंडन जळलं आणि पुढे निकोलस बार्बनने घरांना आगीचा विमा द्यायला सुरुवात केली. विटांच्या घराला जो दर, त्याच्या दुप्पट लाकडी घराला!

ब्रिटिश काळात भारतातल्या गोऱ्या विमा कंपन्यांना मात्र नसलेला हॅझार्डही दिसायचा. भारतीय माणसाच्या जिवाला त्या जादा हप्ता लावत. १८७० साली निघालेल्या बॉम्बे म्युच्युअलने आपल्या लोकांना नेहमीच्या दरात विमा दिला.

खरी गंमत मॉरल हॅझार्डची. इथे नियतच खोटी. अठराव्या शतकात इंग्लंडात लोक चक्क परक्या बड्या माणसांच्या जिवावर विमा काढून सट्टा खेळत. १७७४च्या कायद्याने ते थांबवलं : ज्याच्या जगण्यात तुमचं हित, त्याचाच विमा. म्हणून आजही शेजारच्या काकांवर कितीही जीव असला, तरी त्यांच्या नावाने पॉलिसी काढता येत नाही. जहाजमालक तर आणखी पुढचे. मोडकळीला आलेली जहाजं भरपूर विमा उतरवून, माल कोंबून समुद्रात सोडायची. बुडालं तर फायदाच, खलाशी गेले तर गेले. खासदार सॅम्युएल प्लिमसोल यावर इतका तापला की १८७६ साली भाररेषेचा कायदा झाला. मालवाहू जहाजाच्या अंगावर वर्तुळ आणि त्यातून गेलेली आडवी रेघ दिसते ना, ती त्याचीच.

लीगल हॅझार्ड कोर्टातला. थर्ड पार्टी विम्यात, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्या विम्यात, मृत्यूच्या भरपाईला आपल्याकडे वरची मर्यादाच नाही; कोर्ट ठरवेल तेवढी कंपनीने भरायची.

उरला मोराल (morale) हॅझार्ड. यात लबाडी नाही, नुसता निवांतपणा. 'इन्शुरन्स आहे ना!' म्हणत गाडी कुठेही उभी करणारे आपण सगळे यात आलो. त्यावरचा उतारा म्हणजे नो क्लेम बोनस. पहिल्या बिनक्लेम वर्षाला २० टक्के, पाच वर्षांनी ५० टक्के सूट, तीही गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर. म्हणूनच बारीकसा ओरखडा लोक खिशातून भरतात. हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. तेव्हा जुनी गाडी विकताना कंपनीकडून त्याचं पत्र आठवणीने मागून घ्या; नव्या गाडीसाठी ते तीन वर्षं चालतं.