किराणा एकाच दुकानात कशाला? चार ठिकाणी भाव काढा!

महिन्याचा पगार हातात पडतो आणि दहा तारखेच्या आत निम्मा वाण्याकडे जातो, ही कथा घरोघरची आहे. हमाली, बांधकाम, एमआयडीसीतले कंत्राटी काम, धुणीभांडी अशी अंगमेहनत करून मिळवलेला पैसा डाळ-तेलात कसा विरघळतो ते कळतही नाही. मिळकत वाढवणे लगेच आपल्या हाती नसते. खर्चाला मात्र थोडा लगाम घालता येतो. त्यासाठी पोटाला चिमटा घ्यायची गरज नाही, चार ठिकाणी भाव विचारायची सवय हवी.

आधी रेशन, मग दुकान

यादी करताना पहिली ओळ रेशनची लिहावी. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य गटातील कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. आपल्या गल्लीतला दुकानदार टाळाटाळ करत असेल तर दुसऱ्या रेशन दुकानातूनही त्याच कार्डावर धान्य उचलता येते, हे पुष्कळ भगिनींना ठाऊक नसते. अंगठा दिल्यावर यंत्रातून निघणारी पावती मागून घ्यावी. तक्रारीसाठी १९६७ हा क्रमांक आहे.

काही घरांत रेशनचा तांदूळ दारावर येणाऱ्याला मातीमोल भावाने विकतात आणि नंतर तोच दुकानातून चढ्या भावाने आणतात. हा उघड तोटा आहे. जाड तांदूळ भाताला आवडत नसेल तर धिरडी, इडली, पापड यांना चालतो.

सुपरमार्केटचा हिशेब

जळगाव-धुळ्यातही आता मोठी सुपरमार्केट आली आहेत. तिथे वस्तू हाताळून बघता येते, भाव लिहिलेला असतो, वजनात खोट नसते. साबण, धुण्याची पावडर, तेल, साखर या वस्तू तिथे बहुधा स्वस्त पडतात. पण जाण्यायेण्याचा खर्चही मोजला पाहिजे.

समजा २ किलो तूरडाळीमागे २० रुपये, ५ किलो साखरेमागे १० रुपये, ४ पिशव्या तेलामागे ३२ रुपये आणि साबण-पावडरीत ३० रुपये वाचले. एकूण ९२ रुपये. नवरा-बायको दोघे गेले आणि रिक्षाला माणशी ४० रुपये लागले, तर हाती राहिले फक्त १२. वर 'एकावर एक फुकट' पाहून साठ रुपयांची बिस्किटे उचलली की उलट घरातूनच गेले. तेच तीन घरांच्या याद्या घेऊन दोघी जणी गेल्या, तर तीन घरांचे २७६ रुपये वाचतात, भाडे ८० जाते आणि प्रत्येक घराला ६५ रुपये उरतात. महिन्यातून एकदाच जावे, यादी हातात ठेवावी आणि शक्यतो जेवून जावे.

छापील किमतीवर सूट दिली म्हणजे माल स्वस्त झाला असे नाही. छापील किंमत ही कमाल मर्यादा आहे, गल्लीतला दुकानदारही त्याखाली विकू शकतो. डाळी-पीठ घेताना आणखी एक बघावे. १८ जुलै २०२२ पासून लेबल लावलेल्या पाकीटबंद डाळी, तांदूळ, पिठावर ५ टक्के जीएसटी बसला. सुट्या मालावर तो नाही. म्हणून सुटी डाळ निवडून घेण्याची तयारी असेल तर दाणाबाजारच बरा.

पिशवीकडे नव्हे, वजनाकडे पाहा

तेलात सगळ्यात जास्त फसगत होते. सोयाबीन तेलाचे एक लिटर म्हणजे किलो नव्हे, सुमारे ९१० ग्रॅम. १५ लिटरच्या डब्यात साधारण साडेतेरा किलोच तेल असते. १५ किलोच्या डब्याशी त्याचा भाव ताडून पाहताना हे ध्यानात ठेवावे. हल्ली ७५० ग्रॅमच्या पिशव्याही लिटरच्या पिशवीसारख्याच दिसतात. लिटरची पिशवी १४० रुपयांना आणि ७५० ग्रॅमची १२० रुपयांना असेल, तर दुसरी स्वस्त वाटते. हिशेब केला तर पहिली किलोला १५४ आणि दुसरी १६० रुपये पडते. पाकिटावर ग्रॅमचा किंवा किलोचा भावही बारीक अक्षरात छापलेला असतो. शाळेत जाणाऱ्या मुलामुलींना तो वाचायला लावा, त्यांचेही गणित पक्के होईल.

खान्देशचा फायदा घ्या

जळगाव हे डाळ मिलचे गाव. इथली डाळ देशभर जाते, मग आपणच ती पाव-पाव किलोने का घ्यावी? चार-पाच घरांनी मिळून जळगावच्या दाणाबाजारातून किंवा धुळ्याच्या पाचकंदील भागातून कट्टा आणून वाटून घ्यावा. तुकडा डाळ अखंड डाळीपेक्षा स्वस्त असते, वरणात शिजल्यावर कोणाला ओळखू येत नाही. दादर ज्वारी, गहू आणि कळण्याचे उडीद हंगामात घ्यावेत. मसाल्याची लाल मिरची नंदुरबार-दोंडाईचाकडून येते. ती उन्हाळ्याच्या तोंडी घेऊन वाळवून ठेवावी.

एकत्र खरेदीची ही वाट नवी नाही. १९७५ साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीत शेजारपाजारची कुटुंबे गट करतात, महिन्याची मागणी एकत्र नोंदवतात आणि घाऊक भावाचा माल आपसात वाटून घेतात. मुंबईच्या चाळीत जे जमले ते आपल्या वस्तीत का जमू नये?

उधारीची वही

आता खरे दुखणे. वही वाण्याकडे आहे, म्हणून पाय दुसऱ्या दुकानाकडे वळत नाही. उधारीवाल्याला भाव विचारायचे तोंड राहत नाही, आणि किलोमागे दोन-चार रुपये जास्त लागले तरी गप्प बसावे लागते. हे न दिसणारे व्याजच आहे. मात्र काम बंद पडते, घरात आजारपण येते, तेव्हा हाच वाणी दारात उभे करतो, हेही विसरता येत नाही. म्हणून एकदम तोडू नये. आपली स्वतःची वही ठेवावी, माल घेतला त्याच दिवशी वजन आणि भाव लिहून घ्यावा. पहिल्या महिन्यात फक्त तेल रोखीने घ्यावे, पुढच्या महिन्यात डाळ, मग साखर. बचत गटात असाल तर गटातून लहान कर्ज काढून वही एकदाची कोरी करावी. गटाचे व्याज डोळ्यांना दिसते आणि गटातच राहते.

वजनात खोट आढळली किंवा छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मागितले, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. पावती मात्र जपून ठेवलेली हवी.

महिन्याला दोन-तीनशे रुपये वाचले तर वर्षाला चोवीसशे ते छत्तीसशे होतात. मुलीची वह्या-पुस्तके, परीक्षेची फी, कॉलेजचा बसपास त्यातून निघतो. भाव विचारण्यात कसली लाज? पैसा आपल्या घामाचा आहे, तर हिशेबही आपणच ठेवला पाहिजे. येत्या एक तारखेला शेजारणीला बोलवा आणि दोघींच्या याद्या एकत्र करा.