तेंदूची खुटकटाई आणि पंचवीस गुण

चंद्रपूर-गडचिरोलीच्या कॉलेजांत जंगल कसं शिकवतात ते बघून या, असं संपादकांनी सांगितलं. मी अडकलो पाचगावच्या तेंदूत.

आधी कागदावरचं. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे पर्यावरण हा विषय पदवीला सक्तीचा झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मूळ अभ्यासक्रमात तासिका होत्या 50, त्यांतल्या बाहेर जाऊन पाहण्याच्या 5. त्या पाचांना गुण मात्र शंभरातले 25! मग व्हायचं तेच होतं. एक बस, एक तलाव, एक फोटो आणि मागच्या वर्षीच्या वहीवरून उतरवलेली वही. या दोन जिल्ह्यांसाठी 2011 मध्ये गोंडवाना विद्यापीठ झालं. आता नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्र प्रकल्पाला वेगळे श्रेयांकही आहेत.

पाचगाव गोंडपिपरी तालुक्यात. 2012 मध्ये ग्रामसभेला सुमारे हजार हेक्टर जंगलाचा सामूहिक वनहक्क मिळाला आणि बांबूची विक्री गावाच्या हाती आली. तेंदूपत्त्याचं मात्र गावानं वेगळंच केलं. चांगला कोवळा पाला यावा म्हणून उन्हाळ्याच्या तोंडाला तेंदूची खुटकटाई, म्हणजे बुंध्याशी छाटणी, होते; अनेक ठिकाणी जंगलाला आगही लावतात. छाटलेल्या खुंटाला फळ येत नाही. ती फळं माणसंही खातात आणि पाखरंही. आगीत रोपं जातात. हा हिशेब मांडून पाचगावनं तेंदू तोडणंच थांबवलं. मे महिन्यात हातात पडणारी रोकड सोडणं या भागात चेष्टा नाही. शिवाय 34 हेक्टर जंगल पूर्ण राखून ठेवलं.

जीवशास्त्राच्या प्राध्यापकाला आणखी काय हवं? एक न तोडलेलं जंगल, एक बांबू काढलेलं आणि शेजारी खुटकटाई झालेलं. तिन्हींत दहा बाय दहा मीटरचे चौकोन आखा, रोपं मोजा, दर वर्षी त्याच चौकोनांत परत या. गावाचा निर्णय बरोबर होता का, तेही आकड्यांत दिसेल. आणि चुकीचा निघाला, तर गावालाच सांगावं लागेल. लोकांत जाऊन शिकणं मी याला म्हणतो. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं ही रीत आधीच पाडलेली आहे: अभ्यासगटात प्रश्नाचा काथ्याकूट करायचा, मग ग्रामसभेत सर्वसहमतीनं ठरवायचं. 2009 मध्ये देशात सर्वांत आधी सामूहिक वनहक्क मिळाला तो या मेंढ्याला आणि मर्दा गावाला.

अडचणी मात्र खऱ्या आहेत. मोहफूल मार्च-एप्रिलात, तेंदू मे महिन्यात. नेमक्या तेव्हाच परीक्षा. जंगल सर्वांत जास्त शिकवतं तेव्हा विद्यार्थी हॉलतिकीट शोधत असतो, नाहीतर घरच्यांबरोबर पानं तोडत असतो आणि त्या तोडण्याला कुठल्याच वहीत जागा नसते. दुसरी अडचण वाघाची. ब्रह्मपुरीच्या पट्ट्यात पहाटे मोहफुलं वेचायला गेलेली माणसं मारली गेली आहेत. तिथं चाळीस पोरांना झाडोऱ्यात पांगवायची जबाबदारी कुठला प्राचार्य घेईल? 2021 पासून गडचिरोलीत छत्तीसगडकडून आलेले रानटी हत्तीही आहेत. गावातला वाटाड्या बरोबर असल्याशिवाय हे काम होणार नाही आणि त्याला मानधन द्यायचं तर कुठल्या खात्यातून, इथं सगळे थबकतात.

विद्यापीठानं निदान दोन गोष्टी कराव्यात. क्षेत्रकामाचे गुण मे महिन्यानंतर द्यावेत आणि त्या गुणपत्रकावर ग्रामसभेच्या सहीलाही जागा ठेवावी.