जिवाणूची उसनवारी

लेखमाला : रोगजंतूंची वंशावळ – भाग 6

मागच्या आठवड्यात आपण उड्या मारणाऱ्या जनुकांची ओळख करून घेतली. डीएनएचे हे छोटे तुकडे जीनोममध्ये एका जागेवरून दुसरीकडे जाऊन बसतात, आणि बसताना एखाद्या चालत्या जनुकाचा कणा मोडतात. आज अशाच मोडतोडीतून घडलेल्या एका जिवाणूची गोष्ट सांगायची आहे. त्याचं नाव एरोमोनास साल्मोनिसिडा. नावातच ‘साल्मन मारणारा’ असा अर्थ आहे.

1894 साली एमेरिक आणि वायबेल या संशोधकांनी जर्मनीतल्या एका ट्राउट पैदास केंद्रात मरणाऱ्या माशांमधून तो प्रथम वेगळा केला. त्याच्या आजाराला फुरुन्क्युलोसिस म्हणतात, कारण मोठ्या माशांच्या अंगावर गळवांसारखे फुगवटे येतात. लहान मासे तर गळू येण्याचीही वाट पाहत नाहीत. जिवाणू रक्तात पसरतो, मासा काळवंडतो, खाणं सोडतो आणि दोनतीन दिवसांत पाण्यावर तरंगू लागतो. थंड पाण्यातल्या मत्स्यशेतीला या आजारानं शंभर वर्षं छळलं.

मोडकं घर

2008 साली कॅनडातल्या संशोधकांनी या जिवाणूच्या ए449 या वाणाचा संपूर्ण जीनोम वाचून प्रसिद्ध केला. फ्रान्समधल्या एका ट्राउट माशातून मिळालेला हा वाण. त्याच्या मुख्य गुणसूत्रात सुमारे 47 लाख अक्षरं आणि चार हजारांहून अधिक जनुकं निघाली. एवढ्या भयंकर जंतूच्या घरात सगळं जागच्या जागी असेल असं वाटत होतं. प्रत्यक्षात 170 जनुकं मोडलेली सापडली, आणि जीनोमभर उडी मारून बसलेले 88 तुकडे.

पोहण्याच्या शेपटीची जनुकं मोडलेल्यांतच होती. त्याच कुळातला एरोमोनास हायड्रोफिला पाण्यात शेपटी हलवत मजेत फिरतो, तर साल्मोनिसिडा जागचा हलत नाही. माशाच्या अंगात राहायचं ठरलं की पाण्यात पोहण्याची गरज उरत नाही, आणि गरज नसलेलं जनुक मोडलं तरी कुणाचं काही अडत नाही. गावाकडचं घर बंद करून कायमचं शहरात गेलेल्या कुटुंबाचा नांगर जसा परसात गंजत पडतो, तशीच ही जनुकं पिढ्यानुपिढ्या गंजत गेली. स्वतंत्र जगण्याची सोय जसजशी गेली, तसतसा हा जिवाणू यजमानाला अधिकाधिक बांधला गेला.

उसनं हत्यार

मग माशाला मारण्याची ताकद आली कुठून? तिचा मोठा हिस्सा मुख्य गुणसूत्राबाहेर, प्लाझ्मिडवर आहे. प्लाझ्मिड म्हणजे जिवाणूच्या पेशीतलं डीएनएचं सुटं कडं. ते स्वतःची नक्कल स्वतः करतं, आणि काही प्रकारची प्लाझ्मिडं शेजारच्या जिवाणूलाही देता येतात. ए449 मध्ये अशी पाच कडी आहेत. त्यांतल्या पीएसा5 नावाच्या कड्यावर सुमारे 1 लाख 55 हजार अक्षरं आहेत, आणि एका सुईची जनुकं आहेत. जिवाणू ही सुई माशाच्या पेशीत खुपसतो आणि तिच्यातून विषारी प्रथिनं आत सोडतो. पेशीचा सांगाडा ढासळतो, आणि जंतूंना गिळणाऱ्या माशाच्या रक्षक पेशी हतबल होतात.

या हत्याराची एक कमकुवत बाजू आहे. जिवाणू 25 अंश सेल्सिअसला वाढवला, तर अनेक वाणांमध्ये सुईची जनुकं असलेला पट्टाच गळून पडतो. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना उड्या मारणाऱ्या जनुकांच्या सारख्या प्रती असतात. त्या एकमेकींना जुळतात आणि मधला भाग निसटतो. ज्या तुकड्यांनी शेपटीची जनुकं मोडली, तेच तुकडे इथे हत्यार हातातून सोडायला लावतात. सुई गेलेला जिवाणू जिवंत राहतो, वाढतो, पण मारक उरत नाही.

या गोष्टीचा एक धागा मुंबईशी जुळतो. इथे खाद्यपदार्थांच्या नमुन्यांतून साल्मोनिसिडाचे असे वाण मिळाले, जे 37 अंशांवरही वाढतात. कॅनडातल्या लावाल विद्यापीठाच्या आणि भाभा अणुसंशोधन केंद्राच्या संशोधकांनी 2016 मध्ये त्यांचे जीनोम थंड पाण्यातल्या भाऊबंदांशी ताडून पाहिले. उबेत जगणाऱ्या वाणांमध्ये उड्या मारणारे तुकडे बरेच कमी होते, थंड पाण्यातल्यांमध्ये त्यांची खच्चून गर्दी. एकाच प्रजातीच्या दोन शाखा; ज्या शाखेत या तुकड्यांचं पीक आलं, ती थंड पाण्यात आणि माशाच्या अंगात अडकून पडली. मुंबईचे वाण नसते, तर तुलनेला दुसरी बाजूच मिळाली नसती.

औषध की लस?

उसनवारीचा सगळ्यात धोकादायक भाग औषधांशी जोडलेला आहे. ए449 च्या दुसऱ्या मोठ्या प्लाझ्मिडवर स्ट्रेप्टोमायसिन, सल्फा औषधं, क्लोराम्फेनिकॉल आणि पारा या सगळ्यांना तोंड देणारी जनुकं एका गठ्ठ्यात बांधलेली आहेत. त्यामुळे एकच औषध वारंवार टाकलं, तरी निवड सबंध गठ्ठ्याची होते. कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या काही वाणांमध्ये तर जे प्लाझ्मिड सापडलं, ते माणसाला आजारी पाडणाऱ्या साल्मोनेला जिवाणूतल्या प्लाझ्मिडशी मिळतंजुळतं निघालं. माशाचा जंतू आणि माणसाचा जंतू एकाच बाजारातून उधारी करतात. तळ्यात ओतलेलं औषध तळ्यापुरतं राहत नाही, ते असं.

नॉर्वेनं यातून वाट काढली. 1985 साली स्कॉटलंडहून आणलेल्या साल्मनच्या पिल्लांबरोबर हा आजार तिथे शिरला आणि 1992 संपेपर्यंत 500 हून अधिक मत्स्यकेंद्रांत पोचला. साल्मनचे इतर जिवाणूजन्य आजारही जोरात होतेच. 1987 साली त्या देशातल्या मत्स्यशेतीत वर्षाला सुमारे 50 टन प्रतिजैविकं वापरली जात होती. नंतर तेलात मिसळलेली लस आली. समुद्रात सोडण्याआधी प्रत्येक पिल्लाच्या पोटात तिचं इंजेक्शन द्यायचं. काम किचकट, पण काही वर्षांतच प्रतिजैविकांचा वापर कोसळला. आज तिथे वर्षाला दहा लाख टनांहून अधिक साल्मन तयार होतो आणि प्रतिजैविकं लागतात एक टनापेक्षाही कमी.

लस टिकली, त्याला जनुकीय कारण आहे. साल्मोनिसिडाच्या अंगावर एकाच प्रथिनाची फरशीसारखी घट्ट जडवलेली जाळी असते. ते प्रथिन घडवणारं वापा नावाचं जनुक मुख्य गुणसूत्रावर आहे. माशाचं शरीर लसीतून हीच जाळी ओळखायला शिकतं. औषधाविरुद्धचं कवच जिवाणूला शेजाऱ्याकडून रातोरात उसनं मिळू शकतं. आपली जाळी बदलणं मात्र इतकं सोपं नाही, कारण तिच्याशिवाय तो माशाच्या अंगात तगत नाही.

आपल्याकडच्या तळ्यांचं पाणी उबदार, त्यामुळे थंड पाण्यातल्या साल्मोनिसिडाचा उपद्रव फारसा नाही. त्याचा शेपटीवाला भाऊबंद हायड्रोफिला मात्र रोहू, कटला, मृगळ यांच्या तळ्यांत आहे. दाटी झाली, पाणी बिघडलं की अंगावर व्रण आणि पोटात जलोदर घेऊन तो प्रकटतो. अशा वेळी दुकानदार देईल ते प्रतिजैविक खाद्यात मिसळण्याआधी मरणासन्न मासा प्रयोगशाळेत न्यायला हवा. कुठला जिवाणू आहे, त्याच्यावर कुठलं औषध चालतं, हे कळल्याशिवाय टाकलेली प्रत्येक पुडी त्या उधारीच्या बाजारात नवा माल ओतते. बोटुकली सोडतानाची संख्या, पाण्याची निगा, वेळेवर तपासणी हे उपाय साधे आहेत, आणि त्यांच्याविरुद्ध उसनं घेता येईल असं प्लाझ्मिड नाही.

पुढच्या भागात : सुईनं टोचलेली प्रथिनं पेशीत शिरल्यावर नेमकं काय करतात?