काने पुसट, शिरोरेषा ठळक

"आडव्या रेघा स्वच्छ दिसतात, डॉक्टर. उभ्या रेघा मात्र पुसट होतात. ओल्या शाईवरून कुणी बोट फिरवावं, तशा."

मिरजेच्या आमच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी हे ऐकून लिहिता लिहिता मान वर केली. माणसे सहसा "अंधूक दिसतं हो" एवढेच सांगतात. मी बँकेत ३६ वर्षे काढली आणि त्यातली बरीचशी तपासनिसांच्या शेऱ्यांना उत्तरे लिहिण्यात गेली. तक्रार नेमकी मांडायची सवय जाता जात नाही.

उभ्या आणि आडव्यांपैकी एकाच जातीच्या रेघा पुसट दिसणे, हे चष्म्याच्या सिलिंड्रिकल नंबरचे ठरलेले लक्षण. डोळ्यावरच्या पारदर्शक पडद्याची गोलाई सर्व दिशांना सारखी नसली की एका दिशेच्या रेघा नीट जुळतात आणि दुसऱ्या दिशेच्या विस्कटतात. डॉक्टरांनी लोखंडी चौकट नाकावर चढवली, भिंगे फिरवली, घड्याळाच्या तबकडीसारखा रेघांचा तक्ता दाखवला. सगळ्या रेघा सारख्याच काळ्या. डोळ्यांचा दाब पाहिला, तोही ठीक.

"पेपर वाचताना असंच होतं का?"

"नाही."

"पुस्तक वाचताना?"

"नाही."

"मग कुठं होतं?"

"कॉम्प्युटरवर."

"अहो, मग त्याला घेऊन यायचं!" डॉक्टर हसले.

मला हसू आले नाही. माझे वडील काचबिंदूने गेले, म्हणजे माणूस नंतर गेला, दृष्टी बारा वर्षे आधी गेली. काचबिंदू आवाज न करता येतो. तो आधी कडेची दृष्टी खातो आणि मधली शेवटपर्यंत शाबूत ठेवतो, त्यामुळे चोरी झाल्याचे कळते तेव्हा घर बरेचसे रिकामे झालेले असते. शिवाय तो घराण्यात उतरू शकतो. पुसट दिसू लागल्यापासून तीन आठवडे मी घरात कुणाला काही बोललो नव्हतो. पडद्यावरची अक्षरे मोठी करत करत, एका पानाच्या जागी अर्धे पान बघत, माझे काम रेटत होतो.

काम कादंबरीचे होते. तिसरा आणि अखेरचा खर्डा. त्यातला मुलगा वडिलांना 'अहो बाबा' म्हणणारा, निवेदनही वडिलांविषयी आदरार्थी बहुवचनात. आठवी ते अकरावी ही चार प्रकरणे दुरुस्त करून प्रकाशकांकडे पाठवली, आणि तिथे मुद्रिते तपासणाऱ्या बाईंचा फोन आला.

"सर, एक विचारू का? नवव्या प्रकरणापासून मुलगा मधूनमधून वडिलांविषयी एकेरीत विचार करायला लागतो. मुद्दाम केलंय का? मला वाटलं, दोघांचं काही बिनसलंय आणि ते पुढं उलगडेल."

मी फाईल उघडून पाहिली. 'त्यांचा' असायला हवे तिथे 'त्याचा'. 'त्यांना'चे 'त्याना'. मराठीत बापाचा मान एका टिंबावर उभा असतो आणि ती टिंबे मी टंकलेली नव्हती. न टंकलेली दिसलीही नव्हती. एके ठिकाणी 'भान नसलेला माणूस' असा शब्दप्रयोग होता, त्याचा 'मान नसलेला माणूस' झाला होता, आणि दुर्दैवाने तोही वाक्यात चपखल बसत होता. बाईंना मी "बघतो" म्हटले आणि दुसऱ्याच दिवशी मिरजेची वेळ घेतली.

आता या तीन आठवड्यांच्या आधी काय घडले ते सांगायला हवे. माझा संगणक २०१३ सालचा. त्यावर विंडोज १० होते. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या प्रणालीचा नेहमीचा पाठिंबा थांबवला. विंडोज ११ घालावे, तर त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय हवी आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा हवा. माझा चौथ्या पिढीतला. यंत्र धडधाकट, पण वयामुळे निवृत्त, ही अवस्था माझ्या परिचयाची होती. मी यंत्राची बाजू घेतली. पुण्याला माझा भाचा असतो, त्याने लिनक्स मिंट सुचवले. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ साली ज्या गाभ्याची सुरुवात केली, त्यावर उभी असलेली ही फुकट प्रणाली. गावातल्या एका मुलाने संगणकाचा डबा दुकानात नेला, तिथे ती बसवली आणि डबा परत आणून दिला. मॉनिटरची वायर मी माझ्या हाताने जोडली. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवावी.

पडदा उजळला तेव्हा अक्षरे जरा सुजल्यासारखी वाटली होती. पण नव्या घरात सामान हलवल्यावर माणूस सगळ्याच वेगळेपणाला सरावतो. विंडोजवर मी 'मंगल' हा टंक वापरत असे, र. कृ. जोशींनी घडवलेला. इथे देवनागरीला वेगळा टंक, वेगळे वळण. हे वळण असेच असणार, असे मी धरून चाललो. नंतर डोळे चुरचुरू लागले तेव्हा मात्र मला नवी प्रणाली आठवली नाही, वडील आठवले. साठी उलटलेल्या माणसाचे असेच होते. काही बिघडले की तो आधी स्वतःच्या अंगात शोधतो, आणि घरचेही त्याच्याच अंगात शोधतात.

मिरजेहून परतल्यावर भाच्याला फोन केला.

"मामा, सेटिंगमध्ये डिस्प्ले उघडा. रेझोल्यूशन किती दाखवतंय?"

"१०२४ बाय ७६८."

"आणि मॉनिटरच्या मागं काय लिहिलंय?"

टॉर्च घेऊन वाकलो. १३६६ बाय ७६८.

"मग दिसतंच आहे की," तो म्हणाला. त्याला दिसत होते, मला नव्हते. मला ते ज्या रीतीने कळले ती रीत सांगतो. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या बायकांकडे भोके पाडलेला कागद असतो. सपाट पडदा म्हणजे असा कागद. त्याची भोके कारखान्यात पडतात, ती नंतर कमीजास्त होत नाहीत. माझ्या पडद्याला आडव्या ओळीत १३६६ ठिपके आणि अशा ७६८ ओळी. जुन्या काचेच्या, ढेरपोट्या मॉनिटरचे तसे नव्हते; त्यात किरण पाहिजे तसा कमीजास्त ताणता येई, म्हणून कुठलेही माप तो बऱ्यापैकी सांभाळून घ्यायचा. सपाट पडदा सांभाळून घेत नाही. संगणक १०२४ ठिपक्यांची रांगोळी पाठवत होता आणि पडदा ती १३६६ भोकांवर बसवत होता. दर तीन ठिपक्यांना चार भोके. चौथ्यात काय भरायचे? शेजारच्या दोघांचा रंग मिसळून काहीतरी राखाडी.

उभ्या दिशेने मात्र ७६८ ला ७६८, हिशेब चोख. म्हणून आडवी शिरोरेषा ठळक आणि उभा काना पुसट! सिलिंड्रिकल नंबर मॉनिटरला लागला होता. 'भ' आणि 'म' यांच्यात, 'ध' आणि 'घ' यांच्यात मुख्य फरक शिरोरेषेतल्या चिमुकल्या फटीचा. ती फट डावी-उजवीकडून राखाडी होऊन बुजत होती. अनुस्वाराचे टिंब आडवे पसरून फिकट पडत होते. रोमन लिपीत काम करणाऱ्याला एवढा त्रास झाला असता की नाही, कोण जाणे. आमच्या लिपीने अर्थाचे फार मोठे ओझे फार छोट्या खुणांवर टाकले आहे.

"मग १३६६ का निवडता येत नाही?"

"यादीतच नाहीये ना. त्याला मॉनिटर कोणता आहे तेच कळलेलं नाही."

इथे मला एकदम बँक आठवली. खातेदाराने खाते उघडताना नमुना-सहीचे कार्ड द्यायचे आणि काउंटरवरच्या माणसाने पैसे देण्यापूर्वी ते पाहायचे. मॉनिटरच्या पोटातही असे एक कार्ड असते. व्हेसा या संस्थेने १९९४ साली ही पद्धत ठरवली. त्या नोंदीला एडिड म्हणतात. मूळ नोंद अवघी १२८ बाइटची. तीत कंपनीची खूण, तयार झाल्याचे साल, पडद्याची लांबी-रुंदी आणि ठिपक्यांचे माप. संगणक सुरू होताना वायरीतून हे कार्ड मागवतो. कार्ड आले नाही, तर लिनक्स जोखीम घेत नाही. बहुतेक कोणत्याही पडद्याला झेपेल असे, जास्तीत जास्त १०२४ बाय ७६८ चे माप देऊन मोकळा होतो. मी त्या जागी असतो तर हेच केले असते.

भाच्याने मला टर्मिनलची काळी खिडकी उघडायला लावली. आमच्या शाखेत पहिले लेजर पोस्टिंग मशीन आले तेव्हाचा पडदा असाच काळा होता. ८० अक्षरे रुंद, २५ ओळी. रंगराजन समितीचे अहवाल, संघटनांचा विरोध, सगळे होऊन ते यंत्र शेवटी आलेच, आणि आम्ही चार जण त्याच्याभोवती नव्या सुनेकडे बघावे तसे बघत उभे होतो. असो. भाचा एकेक अक्षर सांगत गेला, मी टंकत गेलो. आधी 'सीव्हीटी' ही आज्ञा. ती दिलेल्या मापाचे सगळे गणित मांडून देते. तिला १३६६ आणि ७६८ हे आकडे दिले. उत्तर आले १३६८ बाय ७६८, गती ८५.२५ मेगाहर्ट्झ.

"दोन जास्त आलेत," मी म्हणालो.

"येतात, मामा. ते सूत्र रुंदी आठाच्या पटीतच धरतं. १३६६ ला आठानं भाग जात नाही."

"पण फरक आहे."

"दोन पिक्सेलचा फक्त."

सहामाही ताळेबंदाच्या रात्री दोन रुपयांच्या फरकासाठी आम्ही पहाटेपर्यंत खतावण्या चाळल्या आहेत. फरकाला नवाने भाग गेला तर आकड्यांची अदलाबदल शोधायची. सम आकडा असला तर निम्मी रक्कम उलट्या बाजूला पडली आहे का ते पाहायचे. स्वतःच्या खिशातून दोन रुपये घालून घरी जाण्याची मुभा नव्हती. हे भाच्याला सांगण्यात अर्थ नव्हता. 'एक्सरँडआर' या आज्ञेने ते माप यादीत चढवले, लागू केले. पडदा क्षणभर काळा झाला आणि परत आला तेव्हा काने बरेच सावरले होते. अगदी कडेची दोन उभी ओळ-माणसे गायब असावीत, पण वाचता येत होते.

दुसऱ्या दिवशी संगणक सुरू केला, तर पुन्हा १०२४. ही आज्ञा बंद केल्यावर विसरली जाते. कायमची हवी असेल तर सुरुवातीच्या फाईलमध्ये लिहून ठेवावी लागते. भाचा म्हणाला, लिहून देतो. मी म्हणालो, थांब. खातेदार समोर बसला आहे आणि त्याच्या वतीने आपणच अंदाजे सही करतो आहोत, हे मला रुचत नव्हते. कार्ड का येत नाही, ते आधी सांग.

"मग वायर काढा आणि पिना मोजा."

व्हीजीए वायर. १९८७ साली आयबीएमने आणलेली ही निळ्या तोंडाची जोडणी. पाच-पाचच्या तीन ओळी, १५ जागा. तिकिटे बघायचे भिंग घेऊन खिडकीपाशी बसलो. भरल्या १३.

"नववी नसते पुष्कळ वायरींना, तिचं काही नाही. दुसरी कुठली नाही?"

"खालच्या ओळीतली दुसरी. आहे, पण आडवी झोपली आहे."

"बारावी! मामा, तीच. मॉनिटरची माहिती बारावीतूनच येते. पंधरावी तिला ताल देते. रंग-बिंग बाकीच्यांतून जातात, म्हणून चित्र दिसत होतं."

डबा परत आला त्या संध्याकाळी टेबलाखाली वाकून, अंदाजाने, जरा जोर लावून ती वायर मीच खोचली होती. नव्या प्रणालीचा दोष नव्हता, दुकानातल्या मुलाचा नव्हता, डोळ्यांचा तर नव्हताच. झोपलेली पिन चिमट्याने उठवायला गेलो आणि ती तुटली.

व्हीजीए वायर आता शोधावी लागते. तिसऱ्या दुकानात, धूळ बसलेल्या खोक्यात मिळाली. या वेळी टॉर्च लावून, सरळ धरून, दोन्ही बाजूंचे स्क्रू पिळून बसवली. संगणक सुरू केला. कोणतीही आज्ञा न देता यादीत मॉनिटरच्या कंपनीचे नाव आले आणि खाली १३६६ बाय ७६८. दोन पिक्सेलसुद्धा जुळले. बायकोला हाक मारली. ती म्हणाली, "छान आहे, पण पूर्वी असंच होतं ना?"

डॉक्टरांना फोन करून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, ते ठीक, पण वडिलांचा इतिहास आहे, तेव्हा कडेच्या दृष्टीची तपासणी करून घ्याच, वर्षातून एकदा. पुढच्या गुरुवारची वेळ दिली आहे.

मुद्रिते बघणाऱ्या बाईंना कळवले की बाप-लेकात काही बिनसलेले नाही. त्या जरा हिरमुसल्या. "तसं चांगलं वाटत होतं, सर," म्हणाल्या. मी आठव्या प्रकरणापासून टिंबे लावत निघालो आहे. अकराव्यात एके ठिकाणी, मुलगा दवाखान्याबाहेर एकटा बसलेला असतो तिथला 'त्याचा' मी अजून दुरुस्त केलेला नाही.